गुलाबी खोक्यातली क्रेन

मामांच्या मते या जगात अस्सल गुप्तहेर फक्त दोनच. एक ते स्वतः, आणि दुसरा अजून जन्माला यायचा होता. त्यांच्या दारावर पितळी पाटी होती: 'सूक्ष्मदर्शी गुप्तहेर. दुपारची झोप सोडून कोणत्याही वेळी, कोणतेही रहस्य.' नोकरीत असताना ते घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचत. "ज्यानं जन्मभर मीटर वाचले, त्याला माणूस वाचायला कितीसा वेळ लागतो?" असं ते भेटेल त्याला विचारत. माणूस वाचायला त्यांना खरंच वेळ लागत नसे, कारण ते मुखपृष्ठ बघूनच पुस्तक मिटत.

त्यांची सहायक म्हणजे त्यांची भाची. ती एका गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्त करायची. मामांकडे बुद्धी होती आणि भाचीकडे स्कूटर. बुद्धीवर बसून कुठे जाता येत नाही, म्हणून ही भागीदारी चालली होती. आईनं तिला बजावून ठेवलं होतं, "एकटा जीव आहे तो. निदान रस्ता ओलांडताना तरी सोबत राहा."

खेळण्यांच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा भाचीच्या कपाळावर पहिल्याच वाक्याला आठी चढली. या कारखान्याशी तिचं जुनं वैर होतं. सात वर्षांची असताना तिनं वाढदिवसाला क्रेन मागितली होती. हूक खालीवर होणारी, दांडा फिरणारी क्रेन. मामांनी आणली याच कारखान्याची गुलाबी शेगडी. "मुलींना असलंच आवडतं, हे शास्त्र आहे," असंही वर ऐकवलं. शास्त्राला विचारून झालं होतं, मुलीला विचारायचं तेवढं राहिलं होतं. तिनं त्या शेगडीची बटणं सुरीच्या टोकानं उपटून त्यांच्या कप्प्या केल्या आणि दोरीनं पातेली वर ओढली, म्हणून मार खाल्ला. तो राग अजून गेला नव्हता, आणि तो घालवायची तिची इच्छाही नव्हती.

कारखान्याचे मालक गोल, गोरे आणि स्वतःवर खूश असे गृहस्थ होते. पंखा जोरात चालू होता, तरी ते घामाघूम झाले होते.

"गुप्तहेरसाहेब, घरभेदी शिरलाय. घरभेदी!" ते म्हणाले. "गुलाबी खोक्यातून क्रेन निघतेय."

मामांनी डोळे बारीक केले. "आणि निळ्या खोक्यातून?"

"शेगडी," मालक कुजबुजले. ते असे कुजबुजले की एखाद्याला शेगडीत बाँब आहे असं वाटावं.

कारखान्यातली पद्धत मालकांनी स्वतः घालून दिली होती आणि ती ते कौतुकानं सांगत. चिकटपट्टी लावून बंद केलेली करडी खोकी त्यांच्या केबिनमध्ये येत. शेगड्यांची ढकलगाडी डाव्या दारानं यायची, क्रेनची उजव्या. मालक टेबलाच्या कप्प्यातून टिकल्यांची गुंडाळी काढून प्रत्येक खोक्यावर स्वतःच्या हातानं एक टिकली चिकटवत. शेगडीला गुलाबी, क्रेनला निळी. पुढे पॅकिंगच्या खोलीत गुलाबी टिकलीच्या खोक्याला गुलाबी वेष्टन चढायचं. त्यावर एप्रन बांधून हसणारी मुलगी आणि खाली नाव, 'छोटी गृहिणी'. निळ्या वेष्टनावर हेल्मेट घातलेला मुलगा, 'छोटा इंजिनिअर'. मुलगा हसत नव्हता. त्याला कामं होती.

"हे टिकलीचं काम मी कुणाच्या हाती देत नाही," मालक छाती पुढे काढून म्हणाले. "एक टिकली चुकली की एक पिढी चुकते! मुलीच्या हातात क्रेन दिली तर उद्या ती काय करेल?"

"वजन उचलेल," भाची म्हणाली.

मामांनी तिला पायानं ढोसलं. मालकांनी ऐकलं न ऐकलंसं करून एका गिऱ्हाइकाची तक्रार वाचून दाखवली. 'चिरंजीवांच्या वाढदिवसाला पाहुण्यांदेखत खोकं उघडलं तर आतून शेगडी निघाली. आमची मान खाली गेली. त्याहून वाईट म्हणजे चिरंजीव आता ती सोडायला तयार नाहीत. रोज चहा पाजतात.'

"बापरे," मामा कळवळून म्हणाले. "आणि धंदा? धंदा बसला असेल."

"तीच तर चिंता आहे! खप वाढलाय," मालक म्हणाले. "दुकानदार आणखी माल मागतायत. म्हणजे विष पसरतंय, साहेब!"

"हे कधीपासून?" भाचीनं विचारलं.

"दोन महिने झाले. केबिनला रंग दिला, वाळवी लागलेलं टेबल काढून हे नवं आणलं. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात हे." मालकांनी टेबलावर मूठ आपटली. "शुक्रवारी मोठी खेप जायची आहे. तोवर घरभेदी सापडला तर ठीक. नाहीतर पॅकिंगच्या सगळ्या बायकांना नारळ देणार. पहिला त्या हेडबाईला."

बाहेर पडताच मामांनी भाचीचा दंड पकडला. "पाहिलंस? त्यांच्या एका पायात निळा मोजा आणि एका पायात गुलाबी!"

"घाईत घातले असतील."

"घाईत माणूस मोजे विसरतो. एक निळा, एक गुलाबी? हा संदेश आहे. तोंडानं बोलता येत नाही म्हणून हा माणूस पायांनी मदत मागतोय. प्रतिस्पर्धी कारखान्यानं त्याला दोन्हीकडून घेरलंय!"

मग दोन दिवस प्रतिस्पर्ध्याच्या मागावर गेले. मामांनी त्याच्या ट्रकच्या ड्रायव्हरचा शहरभर पाठलाग केला, म्हणजे भाचीनं स्कूटर चालवली आणि मामांनी मागे बसून "आता डावीकडे!" असं ती उजवीकडे वळल्यावर सांगितलं. ड्रायव्हर गाल धरून एका जिन्यानं वर गेला. मामाही गेले. तो गुप्त अड्डा दाताच्या डॉक्टरांचा निघाला. मामा परत आले तेव्हा त्यांचीही एक दाढ कमी झाली होती. "वेषांतर टिकवायचं तर एवढं करावंच लागतं," ते रुमालाआडून म्हणाले.

दाढेबरोबर पहिला सिद्धांतही गेला. पण मामांकडे सिद्धांतांचा तुटवडा कधीच नसे.

"बायका!" त्यांनी तिसऱ्या दिवशी जाहीर केलं. "पॅकिंगमध्ये सगळ्या बायका आहेत. मुलींपर्यंत क्रेन पोहोचवण्याचा हा कट आहे. बायकी डोकं आहे यामागे."

"परवा तूच म्हणालास की बायकांना यंत्रातलं कळत नाही."

"कळत नाही म्हणूनच तर कट करावा लागतो!"

पॅकिंगच्या खोलीत लांब टेबलाभोवती सहा जणी काम करत होत्या. मामांनी प्रत्येकीपुढे एक बाहुली आणि एक हातोडी ठेवली आणि घड्याळ काढलं. जिचा हात हातोडीकडे जाईल ती गुन्हेगार, असं हे शास्त्र होतं. पहिल्या पाच जणींनी दोन्ही वस्तू बाजूला सारून वेष्टनं चढवायला घेतली. हेडबाईंनी मात्र हातोडी उचलली. मामा आनंदानं उठले. हेडबाईंनी मामांच्या स्टुलाचा वर आलेला खिळा ठोकला आणि हातोडी परत केली. त्या खिळ्यात मामांची पँट अडकलेली होती, आता ती कायमची अडकली.

मामा पँट सोडवत असताना भाची हेडबाईंच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, खोक्यात उलटसुलट माल आहे, हे तुम्हाला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं?" हेडबाई हात न थांबवता म्हणाल्या. "क्रेनचं खोकं खुळखुळतं. दुसऱ्याच दिवशी मालकांना सांगायला गेले."

"मग?"

"मग ही पाटी लागली."

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'टिकली पाहा. खोके भरा. डोके चालवू नये.'

भाचीनं पाटी दोनदा वाचली. "मामा, मग चूक इथे होतच नाही. टिकलीच चुकीची लागून येते."

"टिकली मालक स्वतः लावतात," मामा म्हणाले. "चूक त्यांची असती तर ती शोधायला ते मला फी देतील का?"

चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी माणसं असाच विचार करतात, असं भाचीच्या मनात आलं. पण मामांना पुढे ढकलायचं तर धक्का त्यांच्याच दिशेनं द्यावा लागतो, हे ती शिकली होती. "तसं नाही रे. पण केबिनमध्ये कुणी लपून बसलं, तर टिकली लागते तिथपासून नजर ठेवता येईल. अर्थात, तेवढा धीर कुणाकडे असणार म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मालकांच्या केबिनमध्ये, उजव्या दाराजवळ, एका भल्यामोठ्या खोक्यात बसले होते. डोळ्यासमोर एक भोक पाडलं होतं. मालकांना याची कल्पना दिली नव्हती, कारण मामांच्या मते ज्याला माहीत असतं तो सहज वागत नाही. भाचीला बाहेर स्कूटरपाशी थांबायचा हुकूम होता. बराच वेळ झाला तरी शिट्टीची खूण येईना, तेव्हा ती केबिनमध्ये डोकावली. तिथे खोकंच नव्हतं.

ते सापडलं पॅकिंगच्या टेबलावर. त्याला चहूबाजूंनी गुलाबी वेष्टन चढलं होतं. हसऱ्या मुलींच्या रांगाच्या रांगा, आणि वर रेशमी फीत. आतून कुणीतरी खोकत होतं.

"अहो मावशी! आत माणूस आहे!"

"वाटलंच होतं मला," हेडबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी बोटानं भिंतीवरची पाटी दाखवली.

फीत कापून मामांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचा श्वास कोंडला होता, पण चेहरा उजळला होता. "मला दिसलं काहीच नाही," ते म्हणाले. "बसल्या बसल्या भोकावर टिकली चिकटली. पण ऐकलं! क्रेनची गाडी आली, मालक एकेका खोक्याला हात लावत म्हणाले, निळी, निळी, निळी. माझ्या खोक्यालासुद्धा निळी म्हणाले!"

भाचीनं भोकावरची टिकली बघितली. ती गुलाबी होती.

"म्हणजेच," मामा बोट नाचवत म्हणाले, "केबिन ते पॅकिंग या वाटेवर टिकलीचा रंग बदलतो! रासायनिक शाई! प्रकरण सुटलं!"

"मालकांनीच गुलाबी लावली असेल तर?"

"तोंडानं निळी म्हणत माणूस हातानं गुलाबी कशी लावेल? त्याला काय डोळे नाहीत?"

भाची काही बोलणार होती, पण मामा तोवर रासायनिक शाईचा वास घ्यायला निघून गेले होते.

शुक्रवारी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावण्यात आलं. मामांनी हात मागे बांधून फेऱ्या घातल्या. केबिन लहान असल्यामुळे प्रत्येक फेरीला ते कपाटावर आदळत होते. शेवटी ते थांबले आणि त्यांनी हेडबाईंकडे बोट केलं.

"हात दाखवा!"

हेडबाईंनी हात पुढे केले. बोटं गुलाबी होती.

"शाई!" मामा ओरडले.

"वेष्टनाचा रंग लागतो तो," हेडबाई म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांचीच बोटं अशी आहेत."

"म्हणजे सगळ्याच सामील आहेत!"

मालक उठून उभे राहिले. "बस्स. आजच्या आज निघा सगळ्या."

त्या सहा जणींपैकी कुणी रडलं नाही. हेडबाईंनी हात खाली घेतले. "साहेब, आम्हा सहा जणींची चूल या टेबलावर पेटते. तुमची प्लास्टिकची नव्हे, खरी. दोन महिन्यांपूर्वी मी सांगायला आले होते, तेव्हा तुम्ही ऐकलं असतंत तर हा दिवस आला नसता."

भाचीचं डोकं सणकलं. सात वर्षांच्या पोरीचा राग आणि आत्ताचा राग एकदम वर आले. "मामा, तुला लाज नाही वाटत? खोक्यात बसून स्वतःच्या कानांनी ऐकलंस, आणि बोट कुणाकडे दाखवतोस? मालक, तुम्हीच आमच्यासमोर टिकली लावून दाखवा. एक निळी. एवढंच करा."

"माझी परीक्षा घेतेस?" मालक लाल झाले.

तेवढ्यात दार उघडलं आणि हातात जेवणाचा डबा घेऊन मालकीणबाई आत आल्या. त्यांनी गर्दीकडे पाहिलं नाही. त्यांची नजर थेट नवऱ्याच्या पायांकडे गेली.

"चार दिवस बहिणीकडे काय गेले, परत हेच," त्या म्हणाल्या. "अहो, हे काय घातलंय पायात?"

"मोजे," मालक म्हणाले.

"कुठल्या रंगाचे?"

"राखाडी."

"दोन्ही?"

"दोन्ही. जोडी असते मोज्यांची."

खोलीतल्या सगळ्यांनी वाकून पाहिलं. डावा निळा होता. उजवा गुलाबी होता आणि त्याच्या घोट्यावर फुलपाखरू होतं.

"उजवा आपल्या लेकीचा आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "यांना फिकट निळं आणि गुलाबी सारखंच दिसतं. लग्नालाच आले होते गुलाबी कोट घालून. मला वाटलं, काय हौशी माणूस आहे!"

भाचीनं विचारलं, "काकू, मग इतकी वर्षं टिकल्या बरोबर कशा लागल्या?"

"कप्प्यावरून. जुन्या टेबलात मुनीमजींनी गुलाबी डावीकडे ठेवून दिली होती, निळी उजवीकडे. यांना तेवढंच पाठ. नवं टेबल आलं तेव्हा आतलं सामान मी लावलं. मी कुठे बघत बसू डावं न् उजवं?" त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "काय झालंय काय? आणि या सगळ्या इथे का उभ्या आहेत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. इथे तर कळसा पायात घालून मालक चार दिवस फिरत होते. मुलींनी गुलाबी वापरावं आणि मुलांनी निळं, ही गोष्ट जन्मभर जगाला ठणकावून सांगणाऱ्या माणसाला त्यातलं गुलाबी कोणतं हेच ठाऊक नव्हतं. हेडबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरीनं दाद दिली, आणि मग सहाही जणी हसायच्या थांबेनात.

मालकांनी पाय टेबलाखाली ओढून घेतले. "दोष टेबलाचा आहे," ते म्हणाले. "हे टेबल उद्या विकून टाका."

"मी पहिल्या दिवशीच मोजे टिपले होते," मामा म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि आम्ही?" हेडबाईंनी विचारलं.

"तुम्ही काय? कामाला लागा. खेप जायची आहे."

माफी मागण्याची पद्धत त्या कारखान्यात कुणी घालून दिली नव्हती. भाचीला मात्र राहवेना. "मालक, दोन महिने पोरींनी क्रेन चालवल्या आणि पोरांनी चहा केला. आभाळ कोसळलं का?"

"खप वाढला," मालक चाचरत म्हणाले.

"मग राहू द्या ना तसंच. वेष्टन एकच करा."

"वा! तत्त्व म्हणून काही असतं की नाही?" मालक म्हणाले. त्यांनी दोन्ही कप्प्यांवर मोठ्या अक्षरांत 'गुलाबी' आणि 'निळी' लिहून घेतलं, म्हणजे तत्त्वाला आता वाचता येण्याची तेवढी गरज उरली. पॅकिंगमधली पाटीही तशीच राहिली. फक्त सोमवारपासून तिच्यातलं शेवटचं वाक्य एका वेष्टनाच्या कागदानं झाकलेलं दिसू लागलं. कागद कुणी लावला ते मालकांनी विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी त्याचा रंग सांगावा लागला असता.

फी म्हणून मामांना त्या दोन महिन्यांतली शिल्लक उरलेली दोन खोकी मिळाली. बाजारात पाठवायला मालकांना लाज वाटत होती. मामा ती स्कूटरवर मांडीत घेऊन घरी आले आणि सवयीनं त्यांनी गुलाबी खोकं भाचीपुढे सरकवलं. "हे तुला. मुलींना असलंच..."

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण भाचीनं खोकं कानाशी धरून हलवलं होतं आणि ते खुळखुळलं होतं. तिनं हसरी मुलगी फाडली, करडं खोकं उघडलं. क्रेन पिवळी होती. हूक खालीवर होत होता, दांडा गोल फिरत होता. भाची बराच वेळ तो फिरवत राहिली. स्कूटरचं इंजिन डोळे मिटून जोडणाऱ्या त्या बाईच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

मामांनी निळं खोकं उघडलं. आत शेगडी होती. त्यांचा चेहरा पडला. "मलाही क्रेनच हवी होती गं," ते हळूच म्हणाले. "लहानपणापासून."

"मागायचीस मग."

"मागितली होती. आमच्या मामानं लाकडी तलवार आणली." मग त्यांनी एक बटण फिरवून पाहिलं, मग दुसरं. "हे खरंच फिरतं गं."

"माहितेय. मी उघडून बघितलं होतं आतून."

मामांनी कान धरले. खरंच धरले, दोन्ही हातांनी. आणि वर काही बोलले नाहीत, ही त्यांच्या बाबतीत फार मोठी गोष्ट होती. भाचीनं क्रेनचा हूक खाली सोडला, शेगडीबरोबर आलेल्या छोट्या पातेल्याच्या कडीत अडकवला आणि पातेलं उचलून, दांडा फिरवून, अलगद मामांच्या शेगडीवर ठेवलं.

"चहा टाक," ती म्हणाली.